रेघा नको दाखवूस

३ जानेवारी

बारक्या,

आशीर्वाद आईने फोनवर दिलेच असतील, माझ्याकडून आधी कानउघाडणी घे. फोनवर सांगितलं की तू "हो ताई, हो ताई" म्हणतोस आणि या कानाने ऐकून त्या कानाने सोडून देतोस. म्हणून लेखी. लेखी असलं की तुझी टाळाटाळ चालत नाही, हे मला तुझ्या शाळेपासून ठाऊक आहे.

आधी चांगलं सांगते, नाहीतर तोंड पाडून बसशील. तुमच्या कारखान्याने आमच्या विभागाला वापरून बघायला दिलेला पट्टा झकास आहे. बावीस वर्षं मी अवेळी जन्मलेल्या पोरांच्या छातीवर चिकटपट्ट्या लावतेय आणि काढतेय. काढताना दर वेळी जीव मुठीत. ह्या पोरांची कातडी म्हणजे कांद्याचा पापुद्रा, पट्टीबरोबर निघून येते. तुझा पट्टा नुसता पायाला गुंडाळायचा, आत बारीकसा लाल दिवा, आणि ठोके पडद्यावर. ना चिकटवणं, ना सोलणं. ज्यांची कातडी फारच नाजूक आहे त्यांच्या छातीच्या पट्ट्या मोठ्या डॉक्टरांनी काढूनच टाकायला सांगितल्यात. हे तुझं पुण्य.

आता पाप ऐक. पाय जरा हलला, जरा गार पडला, की तुझं यंत्र आकडा गिळतं आणि पडद्यावर तीन आडव्या रेघा दाखवतं. आम्हाला कळतं, पट्टा सरकला. आईला काय कळणार? सातव्या काचेच्या पेटीत एक मुलगी आहे, नऊशे वीस ग्रॅम. आम्ही तिला मुंगी म्हणतो. मुंगीची आई शिवणकाम करते. गप्प बाई, दिवसभर स्टुलावर बसून पडद्याकडे टक लावून असते. काल दुपारी आकडा गेला आणि रेघा आल्या. तिला वाटलं, संपलं. ओरडली नाही रे, ओरडली असती तर बरं. स्टुलावरून सरळ खाली. कपाळाला खोक, तीन टाके. शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न, "किती वाजता गेली?" मी तिला धरून पेटीजवळ नेलं, तर पोरगी मजेत जांभई देत होती.

म्हणून सांगते, रेघा नको दाखवूस. काहीही कर, पण तिथे आकडा राहू दे. पाच-दहा सेकंदांत पट्टा पुन्हा ठोका पकडतोच की. तेवढ्यासाठी आईचा जीव कशाला टांगणीला लावायचा?

एवढं तुझ्या ताईचं काम कर. शाळेत तुझी निम्मी चित्रं मी काढून दिलीत, ते फेडून टाक.

ताई

११ जानेवारी

ताई,

नमस्कार घे आणि कान सोड.

चित्रं निम्मी नव्हती, सगळी तूच काढलीस. माझं फक्त नाव होतं खाली. म्हणजे मी किती फेडायचं ते तूच बघ.

पट्ट्याचं कसं आहे ते सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी शिव्या तरी शास्त्रशुद्ध देशील. ठोका पडला की पायात रक्त येतं, रक्त आलं की पायातून उजेड कमी पार होतो. रक्त ओसरलं की जास्त. पट्ट्यातला डोळा ही कमी-जास्त मोजतो, बस्स. पण पाय हलला तरी उजेड हलतो, आणि मग यंत्राला कळेनासं होतं की हा ठोका की लाथ. अशा वेळी ते रेघा दाखवतं. रेघा म्हणजे "गेलं" नव्हे गं, रेघा म्हणजे "मला माहीत नाही". आमचे मास्तर (माझे साहेब, पण अख्खा कारखाना त्यांना मास्तरच म्हणतो) कायम सांगतात, "माहीत नाही म्हणायची माणसाला लाज वाटते, निदान यंत्राला तरी वाटायला नको."

पण मास्तरांनी स्टुलावरून पडलेली आई बघितलेली नाही. तुझं पत्र दोनदा वाचलं, आणि बसलो आणि करून टाकलं. आता ठोका हरवला की शेवटचा खरा आकडा वीस सेकंद तसाच उभा राहील. वीस सेकंदांत नाही सापडला, तर मग रेघा आणि घंटा. दोन दिवस माझ्याच बोटाला पट्टा लावून बघितला, छान चालतो. मास्तर बाहेरगावी आहेत, आले की सांगेन. किरकोळ गोष्ट आहे. पुढच्या आठवड्यात आमचा माणूस येऊन तुमच्या आठही पेट्यांवर बसवून जाईल.

तुझा
बारक्या

ता. क. आकडा जुना असेल तेव्हा त्याच्या खाली एक बारीक ठिपका लुकलुकेल. तुमच्या सगळ्या सिस्टरांना सांगून ठेव. विसरू नकोस, मीपण लेखी देतोय!

३० जानेवारी

बारक्या,

शाबास रे पठ्ठ्या. दहा दिवस झाले, खोली कशी शांत आहे. खोट्या घंटा निम्म्यावर आल्यात. मुंगीच्या आईचे टाके निघाले आणि आता ती पडद्याकडे न बघता टोप्या शिवत बसते. लिंबाएवढ्या टोप्या, आठही पोरांना. मुंगी अकराशे चाळीस ग्रॅम. मी मोठ्या डॉक्टरांना ऐटीत सांगितलं, "माझ्या भावाने केलंय." ते म्हणाले, "घरातलाच इंजिनियर म्हणजे सोय आहे." मी उगाच दोन इंच उंच झाले.

एक गंमत. प्रसूतीच्या वॉर्डातून आमच्याकडे एक सिस्टर बदलीवर आल्यात. वय बावन्न, गुडघे कुरकुरतात, चष्मा दोरीने गळ्यात. आल्या दिवसापासून प्रत्येक पेटीत हात घालतात. उजव्या हाताची दोन बोटं बाळाच्या छातीवर, आणि डाव्या हाताचं बोट आपल्या मांडीवर, टक टक टक. सहा सेकंद मोजायचे आणि पुढे शून्य लावायचं. मी दोनदा ताडून बघितलं. पडद्यावर एकशे पन्नास, बाई म्हणतात एकशे पन्नास. हातात कला आहे, नाही म्हणत नाही. पण सारखी पेटी उघडली की ऊब जाते, हाताचे जंतू आत जातात. शेवटी काल मी सगळ्यांदेखत बोलले, "सिस्टर, समोर आकडा दिसतोय ना? मग बोटं घालू नका. बोटांचे दिवस गेले आता." बाई ओशाळल्या. "बरं," म्हणाल्या. जरा जास्तच लागलं बहुतेक. पण नियम तो नियम.

आईची दाढ दुखतेय. दातांच्या डॉक्टरकडे चल म्हटलं की दुखायची थांबते.

ताई

१० फेब्रुवारी

ताई,

आनंदाची बातमी. तुमचे आकडे बघून आणखी बारा रुग्णालयांनी पट्टा मागितलाय. कारखान्यात माझी कॉलर ताठ. मास्तर आले आहेत. त्यांना त्या वीस सेकंदांचं सांगायला गेलो होतो, तर ते सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटत होते. अशा वेळी कोण मध्येच तोंड उघडतो? राहून गेलं. या आठवड्यात सांगतो.

त्या बोटवाल्या सिस्टरना माझा नमस्कार सांग. त्यांना म्हणावं, माझा पट्टापण तेच करतो, फक्त मांडी बडवत नाही.

आईच्या दाढेला लवंग. आणि आईला दम.

बारक्या

२१ फेब्रुवारी

बारक्या,

धड लिहवत नाहीये, सांभाळून घे.

मंगळवारी दुपारी तीनला मी मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत होते. पट्ट्यामुळे घंटा किती कमी झाल्या त्याचा कागद दाखवत होते. पंधरा मिनिटांनी परत आले तर बदलीच्या सिस्टर सातव्या पेटीपाशी वाकून मुंगीचे तळपाय चोळत होत्या. पोरं श्वास घ्यायला विसरतात, तेव्हा तसं चोळलं की जागी होतात. मी पडद्याकडे बघितलं, एकशे सेहेचाळीस. त्याच पट्ट्याचा ऑक्सिजनचा आकडाही ठीक. मग मुंगीकडे बघितलं. बारक्या, पोरगी राखेच्या रंगाची होती.

मी पिशवीने श्वास दिला. डॉक्टर धावत आले. अर्ध्या मिनिटाने रंग आला, ठोके आले. वाचली. पण किती वेळ तशी होती, ते कुणालाच सांगता येत नाही. सिस्टर म्हणतात, "पडद्यावर आकडा होता, म्हणून हाक मारली नाही." एवढंच म्हणतात.

मला एकच सांग. आकडा वीस सेकंदच थांबतो ना? जास्त नाही ना? यंत्रातली नोंद तुमच्याकडे पाठवली आहे. लवकर कळव.

ताई

४ मार्च

ताई,

नोंद बघितली. यंत्र ठरल्याप्रमाणेच चाललंय. तू जिवाला लावून घेऊ नकोस. तू होतीस म्हणून पोरगी वाचली, हे लक्षात ठेव.

ठिपक्याचं सगळ्यांना सांगितलं होतंस ना? सहज विचारतो. चौकशीत कुणी विचारलं तर असावं म्हणून.

बारक्या

२७ मार्च

बारक्या,

ठिपक्याचं सांगितलं होतं.

चौकशी संपली. समितीत पाच जण, समोर बदलीच्या सिस्टर, बाजूला मी. त्यांना विचारलं, बाळाचा रंग बदललेला दिसत होता, मग हाक का मारली नाही? त्या माझ्याकडे बघायच्या आणि गप्प बसायच्या. कोणीतरी चष्म्याचं काढलं, नजर कमी झाली असेल म्हणून. तुमच्या कारखान्याचा कागद वाचून दाखवला, यंत्रात दोष नाही. मग उरलं कोण? त्यांना कामावरून कमी केलं. निवृत्तीला सहा वर्षं होती.

बाहेरच्या लांब व्हरांड्यात मुंगीची आई उभी होती. ती गप्प बाई, बारक्या, ती सगळ्यांदेखत त्यांना म्हणाली, "तुमच्या हाताला कीड लागो." सिस्टरनी मान खाली घातली आणि निघून गेल्या. त्यांचा डबा आणि चपला अजून आमच्या कपाटात आहेत.

मला बोलता आलं असतं, पण मी बोलले नाही. तो बदल तू माझ्या पत्रावरून केलास, हे बाहेर आलं असतं तर तुझं काय झालं असतं? आपलेच दात, आपलेच ओठ. तूही कुणाला काही सांगू नकोस. झाकली मूठ राहू दे.

मुंगीला परवा घरी सोडलं. आई माझ्या पाया पडली. "तुम्ही होतात म्हणून," म्हणाली. मी पाय मागे घेतले.

ताई

१२ एप्रिल

ताई,

झालं ते झालं. तू शहाणपणा केलास.

सगळ्या पट्ट्यांसाठी एक नवी दुरुस्ती पाठवतोय, तुमच्याकडेही माणूस येईल. किरकोळ आहे, विचार करू नकोस. आईला सांग, कामाची गडबड आहे, या महिन्यात येणं जमणार नाही.

बारक्या

९ सप्टेंबर

बारक्या,

पाच महिने तू लिहिलं नाहीस, मीही नाही. आईला वाटतं आपलं भांडण झालंय. मी म्हटलं, भांडण बरं असतं गं.

गेल्या आठवड्यात चष्मा करायला गेले. जवळचं दिसेनासं झालंय. दुकानात अक्षरांचा तक्ता दाखवायला जी बाई पुढे आली, त्या बदलीच्या सिस्टर. गळ्यात तीच दोरी. मी मागच्या मागे पळणार होते, पण त्यांनीच खुर्ची ओढून दिली. "बसा सिस्टर. खालची ओळ वाचा." मी काय वाचणार? रडायला लागले. त्यांनी दुकानातल्या मुलीला चहा आणायला पाठवलं आणि तक्ता उलटा करून ठेवला.

मी विचारलं, "त्या दिवशी हाक का नाही हो मारलीत?" तेव्हा म्हणाल्या. शब्द जसेच्या तसे लिहिते.

"मला रंग बरा दिसला नाही म्हणून बोट लावलं होतं. तुम्ही नको म्हणाला होतात, तरी लावलं. बोट म्हणालं साठ. वर बघितलं तर एकशे सेहेचाळीस. पुन्हा लावलं, पुन्हा साठ. मला वाटलं, बोटं म्हातारी झाली. तुम्ही म्हणालाच होतात दिवस गेले म्हणून. पाय चोळत राहिले, आणि आकडा काही हलेना. म्हटलं, ठीक असेल."

मी म्हटलं, चौकशीत हे का नाही सांगितलंत? म्हणाल्या, "तुम्ही समोर बसला होतात. बोट घालू नका असा तुमचा हुकूम. घातलं म्हणाले असते तर तो एक गुन्हा वाढला असता. आणि खरं सांगू, माझाच माझ्या बोटावर विश्वास राहिला नव्हता."

आता माझं ऐक. ठिपक्याचं मी त्यांना सांगितलं नव्हतं. जुन्या सहा जणींना जानेवारीत सांगितलं, त्या नंतर आल्या, राहून गेलं. तुला खोटं लिहिलं. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली, आणि चोर मी. उद्या मी मोठ्या डॉक्टरांना सगळं सांगणार आहे. त्यात माझं ३ जानेवारीचं पत्रही येईल, म्हणजे तुझंही नाव येईल. मला माफ कर. पण एक हिशोब जुळत नाही. वीस सेकंदांत दोनदा बोट लावून, पाय चोळून, वाट बघून होत नाही. मी बावीस वर्षं हे काम करतेय, मला कळतं. ती नोंद पुन्हा एकदा नीट बघ ना.

ताई

१४ सप्टेंबर

ताई,

पुन्हा बघायची गरज नाही. मी ती मार्चमध्येच बघितली होती. पाठ आहे मला.

आकडा वीस सेकंद थांबत नव्हता. वीस सेकंद मोजायला सुरुवात व्हायची, आणि मध्ये एक जरी ठोका मिळाल्यासारखं वाटलं, तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. मला वाटलं होतं, ठोका मिळाला म्हणजे बाळ ठीक आहे. माझ्या बोटावर बघितलं तेव्हा हे लक्षात आलं नाही, कारण माझं रक्त काही थांबत नव्हतं. मुंगीच्या पायातलं रक्त आटलं होतं. पण सिस्टर पाय चोळत होत्या. चोळलं की उजेड हलायचा, यंत्राला वाटायचं ठोका, आणि तो जुना आकडा आणखी वीस सेकंद उभा. सात वेळा असं झालं. दोन मिनिटं चाळीस सेकंद.

त्या बाळाला जागं करायला धडपडत होत्या, आणि त्यांच्याच हाताने माझं यंत्र त्यांना खोटं सांगत राहिलं. त्यांनी हात बाजूला घेतला असता तर वीस सेकंदांत घंटा वाजली असती.

"ठरल्याप्रमाणे चाललंय" असं मी लिहिलं. ते खरंच आहे, कारण ठरवलं मीच होतं. एप्रिलची ती "किरकोळ दुरुस्ती" म्हणजे हेच. गुपचूप बदललं आणि मास्तरांना म्हटलं, पडद्याची अक्षरं मोठी केली. मला बारा रुग्णालयांची कॉलर सोडवत नव्हती, हे आधी लिहितो. मग स्वतःला सांगितलं की तुला वाचवतोय, पत्र तुझं आहे म्हणून. तू मला वाचवत होतीस, मी तुला. दोघांनी मिळून तिसऱ्या बाईला बुडवलं.

शिव्या दे ताई. फोन कर आणि दे.

बारक्या

१७ सप्टेंबर

फोन करणार नाही. बोलले तर तुला समजावत बसेन, ती माझी खोड आहे.

मी मोठ्या डॉक्टरांना सगळं सांगितलं. आता तू मास्तरांना सांग. समितीला स्वतःच्या हाताने लिही, सात वेळा आणि दोन मिनिटं चाळीस सेकंद, सगळं. माझ्या पत्राची प्रत जोड, माझं नाव खोडू नकोस. त्याची पोच आल्याशिवाय मला लिहू नकोस.

६ ऑक्टोबर

ताई,

पोच सोबत आहे.

मास्तरांना नोंद दाखवली. ओरडले नाहीत. म्हणाले, "यंत्राला माहीत नाही म्हणायला शिकवलं, तुला शिकवायचं राहिलं." तुमचे आणि बाराही ठिकाणचे पट्टे परत मागवले. मला त्या कामावरून काढलं. गोदामात आलेले पट्टे मीच मोजून घेतो. प्रत्येकावर बाळाच्या पायाएवढी घडी पडलेली असते.

रेघा परत आणल्यात. त्याच तीन, आडव्या. पुन्हा वापरायला द्यायचं ठरलं तर त्याच दिसतील.

मुंगी कशी आहे? मार्चपासून विचारायचं होतं. भीती वाटत होती.

बारक्या

१६ नोव्हेंबर

बारक्या,

मुंगी साडेदहा महिन्यांची झाली. हसते, आईचा आवाज ओळखते. मान अजून धरत नाही, डावी मूठ उघडत नाही. डॉक्टर म्हणतात, इतक्या लवकर जन्मलेल्या पोरांचं असं होऊ शकतं, त्या दोन मिनिटांचंच असं ठाम सांगता येत नाही. सांगता येत नाही म्हणजे नाही असंही नाही. हे आपल्या दोघांना जन्मभर पुरेल.

समितीने मागचा निकाल फिरवला. बदलीच्या सिस्टरांच्या घरी पत्र गेलं, चूक त्यांची नव्हती, कामावर परत या. मला ताकीद मिळाली आणि इनचार्जची खुर्ची गेली. बरं झालं. पट्टे पुन्हा आलेत, प्रत्येक पेटीला एक कागद लावलाय, माझ्या अक्षरात: रेघा दिसल्या तर हात लावा. आया विचारतात, ह्या रेघा कसल्या? मी सांगते, यंत्राला कळत नाहीये, म्हणून आता मी बघते. घाबरत नाहीत रे. सांगितलं की कळतं त्यांना. जानेवारीत मी हेच सांगायला हवं होतं, तुला पत्र लिहायच्या आधी तिला.

तपासणीला आली तेव्हा मुंगीच्या आईला मी सगळं सांगितलं. माझं पत्र, तुझी मोजणी, सिस्टरांचं बोट. मला वाटलं, मारेल. मारलं असतं तरी चाललं असतं. ती बराच वेळ मुंगीची टोपी सारखी करत राहिली. मग म्हणाली, "मी त्यांच्या हाताला शाप दिला होता. त्यांचा पत्ता द्या."

मी म्हटलं, मीच नेते. त्यांचा डबा आणि चपला पिशवीत घातल्या आणि काल गेलो. दोन खोल्यांचं घर, दारात कुंडी, आत स्वच्छ. मुंगीची आई दारातच थांबली. सिस्टर पुढे झाल्या आणि पोरीला घेतलं, मानेखाली हात देऊन, बरोबर जसं घ्यायला हवं तसं. आत नेऊन मांडीवर निजवलं. मी म्हटलं, "सिस्टर, पत्र आलं ना? या ना परत." मान हलवली. "नको. दुकान बरं आहे. तिथे कमी दिसलं तर काच बदलता येते."

मग मुंगीची आई खाली बसली आणि एवढंच म्हणाली, "बघा ना एकदा. बोट लावून."

सिस्टरनी चष्मा काढून ठेवला. पोरीच्या सदऱ्याखाली दोन बोटं सरकवली, आणि डाव्या हाताचं बोट मांडीवर, टक टक टक. मी पोरीच्या दंडावर बोट ठेवून, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मनात ठोके मोजत होते. सहा सेकंद झाले.

"एकशे वीस," त्या म्हणाल्या.

बरोबर होतं. अगदी बरोबर. पण बारक्या, आकडा सांगून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "बरोबर आहे ना हो, सिस्टर?"

या बाईला पूर्वी असं कुणालाही विचारावं लागत नव्हतं.

ताई